विल स्मिथला हात लावू नका
लेखात म्हटलंय की आपल्या सॅन होजे शार्क्सनी (अमेरिकेतली आइस हॉकी टीम) आता तरुण फॉरवर्ड विल स्मिथ (नट नव्हे!) प्लस एक फर्स्ट राउंड पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीचा हक्क, देऊन मोठा डिफेन्समन (बचावपटू) आणावा. अजिबात पटलं नाही. अहो, रिबिल्डच्या (टीम नव्याने उभी करायच्या) नावाखाली आपण बर्न्स दिला, मायर दिला, २०२३ ला कार्लसन दिला, २०२४ ला हर्टल व्हेगासच्या टीमला गेला तेव्हा तर जीव तुटला, आणि एवढं सोसल्यावर जी पोरं हाती लागलीत त्यातलंच एक परत विकायचं? आपला तरुण स्टार सेलेब्रिनी पक (हॉकीची चकती) घेऊन समोरच्यांच्या झोनमध्ये शिरतो तेव्हा स्मिथकडे बघा एकदा, दोन डिफेन्समन सेलेब्रिनीकडे ओढले जातात आणि हा मागून रिकाम्या जागेत हजर. अशी जोडी मार्केटमध्ये मिळत नाही हो.

डिफेन्स कमजोर आहे, मान्य. मग डिफेन्समन वॉलमनसारखे सौदे करा ना! २०२४ च्या उन्हाळ्यात डेट्रॉईटने त्याला घेऊन जा म्हणून वर सेकंड राउंड पिक दिला, आणि आपल्या जनरल मॅनेजर ग्रियरने मार्च २०२५ मध्ये त्यालाच एडमंटनला देऊन कंडिशनल (अटी असलेला) का होईना फर्स्ट राउंड पिक मिळवला. सॅलरी कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) अडकलेल्या टीम शोधा, त्यांचा चांगला पण महागडा माणूस उचला, द्यायचेच तर पिक द्या, टॉफोलीसारख्या सिनियर खेळाडूला विकण्याबद्दल बोला.

आणि आपला तरुण गोली (गोलकीपर) अस्कारोव्हला विका म्हणणाऱ्यांनो, मग गोलमध्ये उभं कोण राहणार? गोली तयार व्हायला वर्षं लागतात, थांबा की जरा.