पूर्णविरामाचं प्रकरण

वयात आलेल्या मुलांच्या घरात वाटाघाटी करायला एक शांत माणूस लागतो. आमच्याकडे ते काम माझ्या गळ्यात पडलंय. "तू बोल तिच्याशी, तुझं ऐकते ती," असं ताईचं म्हणणं. भाची माझं काहीही ऐकत नाही. मी मध्ये बोलत नाही, एवढंच.

परवा दार असं आपटलं, की भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. आत गेलो, तर तिने फोन थेट माझ्या नाकासमोर धरला. मैत्रिणीचा मेसेज होता : 'ओके.'

"बरं, मग?"

"मामा, पूर्णविराम दिसत नाहीये का तुला? ती चिडलीये. म्हणजे ग्रुपवर माझ्याबद्दल बोलून झालंय. म्हणजे शनिवारी मला बोलावणार नाहीत. म्हणजे आता मला कोणीच नाही!"

एका टिंबातून चार वाक्यांत सर्वनाश!

मी वाचून गेलो होतो. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास मांडलेली ए-बी-सी मला पाठ होती. ए म्हणजे घटना, सी म्हणजे आपला राग. आणि या दोघांच्या मध्ये गुपचूप बसलेला बी, म्हणजे त्या घटनेबद्दल आपण करून घेतलेली समजूत. टिंब हा ए, कॅलेंडर हा सी. मी बोटांवर मोजत समजावलं, "तू जे करतेयस ना, त्याला मनकवडेपणा म्हणतात. आणि हा जो राईचा पर्वत..."

उशी आली. नेम चांगला आहे पोरीचा.

रागाला लगाम घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. चौदाव्या वर्षी, ऐन भडक्यात त्या भागाला तत्त्वज्ञान ऐकवणं म्हणजे कुलूप लागलेल्या ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून चौकशी करणं. 'शांत हो' हे तर उच्चारूच नये. ते ऐकून शांत झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग मी गप्प बसलो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की नाडी मंदावते, म्हणे. तिला सांगायची सोय नव्हती, म्हणून मीच सुरू केलं, जरा मोठ्याने.

"मामा, दम लागलाय का तुला?"

आवाज खाली आला होता. तेवढ्यात विचारून घेतलं, "राग दहापैकी किती?"

"नऊ. आता सात."

"टिंबाची आणखी काय काय कारणं असू शकतील?"

तिने कागद ओढला. एक : चिडली. दोन : खूप चिडली. तिसऱ्या कारणापाशी बराच वेळ पेन चावलं गेलं. मग एकदम, "अरे! स्पेस दोनदा दाबली की फोन स्वतःच टिंब टाकतो!"

चेहरा खुलला. क्षणभरच.

"पण पाठवायच्या आधी एकदा बघायला काय होतं तिला?"

हा राग मात्र दहापैकी तीनच होता. तो मी हातही न लावता तसाच राहू दिला.

बाहेरून ताईने विचारलं, "झाली का शांत?"

"हो," मी म्हणालो.

भाचीने मान वळवली. "मामा, तू 'हो' असं का म्हणालास?"