ट्रेलर भयपटाचा, सिनेमा वयात येणाऱ्या पोराचा

'इट कम्स ॲट नाइट' जून २०१७ मध्ये अमेरिकेत लागला. पहिल्या दिवशी थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेणाऱ्या सिनेमास्कोअरमध्ये त्याला मिळाला 'डी', म्हणजे जवळजवळ तळाची श्रेणी. समीक्षकांनी मात्र त्याची वाखाणणी केली होती. एकाच सिनेमाबद्दल एवढी तफावत कशी, याचं उत्तर मला तरी सिनेमात सापडत नाही. ते त्याच्या जाहिरातीत आहे.

ट्रेलरमध्ये अंधारं जंगल, लाल दार आणि रात्री 'काहीतरी' येणार असं सांगणारं नाव. सिनेमात आहे १७ वर्षांचा ट्रॅव्हिस. साथीत आजोबा गेलेत, बापाने घराला छावणीची शिस्त लावलीय आणि ते दुःख बोलून दाखवायला कुणी नाही. मग आसऱ्याला आलेल्या कुटुंबातल्या तरुण किमकडे तो ओढला जातो. रात्री झोप येत नाही, तेव्हा माळ्यावर जाऊन तो त्या नवराबायकोचं बोलणं ऐकत बसतो. भीती आहेच, भरपूर आहे. पण ती आई-बाप आपल्याला वाचवू शकत नाहीत हे पहिल्यांदा कळणाऱ्या मुलाची आहे. दिग्दर्शक ट्रे एडवर्ड शल्ट्सने स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूनंतर हे लिहायला घेतलं, हे कळलं की सिनेमाचा सूर लगेच जुळतो.

असा सिनेमा भयपट म्हणून विकायला एकही खोटं दृश्य लागत नाही. समजा, मुलगा दारासमोर उभा आहे असा दहा सेकंदांचा शॉट आहे. पहिली चार सेकंदं तो रडू आवरतोय, शेवटची तीन आई आतून हाक मारतेय. दोन्ही टोकं कापा. उरलेल्या तीन सेकंदांत फक्त पाठमोरा मुलगा आणि दार. रंग जरा निळसर करा, खाली घरघरणारा खर्ज सोडा, त्यावर चढत जाणारा आवाज, मग पडदा काळा, अर्धा सेकंद शांतता आणि एक दणका. झालं भूत तयार. त्यावर दुसऱ्याच प्रसंगातलं आईचं "बाहेर जाऊ नकोस" टाकायचं. मूळ प्रसंगात ती तापाने फणफणलेल्या पोराला सांगत असते, इथे ती धोक्याची सूचना होते.

हे काम बहुतेक वेळा दिग्दर्शक करतच नाही. ट्रेलर कापणाऱ्या वेगळ्या कंपन्या असतात, वितरक त्यांना सूर ठरवून देतो, आणि पुष्कळदा अंतिम संकलन व्हायच्या आधीच काम सुरू होतं. वितरकाचं गणितही समजण्यासारखं आहे. भयपटाला स्टार लागत नाही आणि त्याचा प्रेक्षक पहिल्याच वीकेंडला येतो. अनोळखी पोराचं घरगुती नाटक बघायला पहिल्या शुक्रवारी रांग लागत नाही. शिवाय ट्रेलर त्याच जातीच्या सिनेमाआधी लावतात, त्यामुळे एकदा 'हॉरर' ठरलं की तो पोचतोही फक्त हॉररच्याच प्रेक्षकापर्यंत. स्ट्रीमिंगवर तर नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये स्वतःच सविस्तर लिहिलं होतं की एकाच सिनेमाचं चित्र ते प्रेक्षकाची आवड बघून बदलतात.

गणित समजलं तरी मला ते पटत नाही, कारण नुकसान तिकिटापुरतं राहत नाही. भयपट बघायला बसलेला माणूस वेगळ्या डोळ्यांनी बघतो. तो पात्राच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या खांद्यामागच्या अंधाराकडे बघतो. शांत प्रसंग आला की दचकायची तयारी करतो. रात्री स्वयंपाकघरात ट्रॅव्हिस किमशी बोलतो, तिथे नजर कुठे ठेवावी हे त्या पोराला कळत नाही, आणि तो प्रसंग सिनेमाचा गाभा आहे. दणक्याची वाट बघणाऱ्याला तिथे नुसतं 'काहीच घडलं नाही' असं दिसतं. तो बाहेर पडून चार जणांना सांगतो, आणि पुढच्या आठवड्यात शो कमी होतात. ज्याला हा सिनेमा मनापासून भिडला असता, त्याने 'मला हॉरर झेपत नाही' म्हणत ट्रेलर मध्येच बंद केलेला असतो. त्याचं नुकसान कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

हळू चालणारा प्रत्येक भयपट या यादीत घालू नये. 'द विच'ला सिनेमास्कोअरवर 'सी मायनस' मिळाला, पण त्यात चेटकीण खरोखर आहे. तिथली तक्रार वेगाची होती. इथे मालच दुसरा होता.

तिकीट काढण्याआधी ओळखायचं असेल तर ट्रेलर एकदा आवाज बंद करून बघा. भीती बहुतांशी आवाजातून येत असेल तर सावध व्हा. प्रत्येक धमकीचं वाक्य ऐकू येताना बोलणाऱ्याचे ओठ दिसतात का ते बघा. सगळी भयानक दृश्यं एकाच खोलीतली, एकाच कपड्यांतली असतील तर तो बहुधा एखादाच प्रसंग किंवा स्वप्न आहे. 'इट कम्स ॲट नाइट'मधली बरीच अंगावर येणारी दृश्यं ट्रॅव्हिसच्या स्वप्नांतलीच आहेत. अमेरिकन प्रमाणपत्राखाली किंवा ब्रिटिश मंडळाच्या साइटवर कारणांची ओळ असते, तीही वाचा, ती जाहिरातवाले लिहीत नाहीत. आणि मिळाली तर सलग क्लिप बघा. एका अखंड मिनिटात सिनेमाची चाल लपत नाही.

कायद्याकडून फार आशा नको. 'येस्टरडे'च्या ट्रेलरमधली अभिनेत्री सिनेमात नव्हती म्हणून खटला झाला, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकन न्यायाधीशांनी ट्रेलर ही जाहिरातच आहे असं म्हटलं. पण मर्यादाही घातली: कलाकार किंवा दृश्य सिनेमात आहे की नाही, एवढ्यापुरतंच. आपल्याकडे 'फॅन'च्या प्रोमोमधलं गाणं सिनेमात नव्हतं, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं की प्रोमो म्हणजे प्रेक्षकाला दिलेलं वचन नव्हे. सूर खोटा लावला, ही तक्रार तर दोन्हीकडे बसतच नाही.

म्हणून मागणी वितरकांकडेच करायला हवी, आणि ती अवघड नाही. भीती काढू नका, ती कुणाची आहे ते दाखवा. अडीच मिनिटांतली चाळीस सेकंदं एका अखंड प्रसंगाला द्या, त्या मुलाचा चेहरा आणि त्याच्या आई-बापाचा आवाज त्यात येऊ द्या. पोस्टरवर नुसत्या दाराऐवजी दारासमोरचा मुलगा ठेवा. आणि आपणही एकमेकांना असा सिनेमा सुचवताना 'जबरदस्त हॉरर' एवढंच लिहून मोकळं होऊ नये. कुणाची गोष्ट आहे, मुलगा किती वर्षांचा आहे, दचकवणारे प्रसंग साधारण किती आहेत, हे दोन ओळींत सांगितलं तर कुणाचीही मजा जात नाही.