नकाशा पक्का झाल्यावर नको, आखायच्या आधी विचारा

साळावली धरणाने दक्षिण गोव्याची तहान भागवली, हे मान्यच. पण त्यासाठी कुर्डी पाण्याखाली गेलं आणि वाडे-वाळकिणीला हलवलेल्या त्याच लोकांवर पुढे प्यायच्या पाण्यासाठी तक्रारी करायची वेळ आली. धरणासाठी गाव देणारेच तहानलेले राहिले. आखणी चालू असताना त्यांना समोर बसवलं असतं, तर नळाचा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला असता.

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते, प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. सारांश! मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीतच. त्यात सुनावणी तालुक्याच्या गावी, कामाच्या दिवशी, ऐन काजूच्या हंगामात. बोंडू वेचणाऱ्या बायका येणार कशा?

आमच्याकडे कालव्याच्या एका बैठकीत मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "डोंगर कापल्यावर खालच्या कुळागरातला (पोफळी-नारळीच्या बागेतला) झरा आटणार नाही ना?" साहेब नकाशावर वाकले. नकाशात झरा नव्हताच. पोफळी त्याच झऱ्यावर उभ्या आहेत. इतिवृत्तात मावशींचा प्रश्न 'इतर सूचना' या दोन शब्दांत संपला. याची मला मनापासून चीड येते.

शिवाय बोलावतात कुणाला? एक-चौदाच्या, म्हणजे जमीन नोंदीच्या, उताऱ्यावर नाव असलेल्यांना. पिढ्यान्‌पिढ्या राबूनही नोंद न झालेली कुळं, भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर असलेला मुंडकार, रानात गुरं चारणारा धनगर यांचं काय?

आणि नदीच्या खालच्या अंगाचे लोक तर कुणाच्या ध्यानातच नसतात. म्हादई, म्हणजे खाली मांडवी होणाऱ्या नदीच्या पाणीवाटप लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. लवादापुढे पक्षकार होती तीन राज्यं. पण गोड्या पाण्याचा जोर कमी झाला की खारं पाणी नदीत वर सरकतं. चोडण-दिवाडी बेटांवरच्या खाजनात (बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतात) मानशीची, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारं सांभाळणाऱ्याला, खाडीत जाळं टाकणाऱ्याला ते आधी कळतं. कर्नाटकाला जाब विचारायलाच हवा, पण आपल्याच सरकारच्या बंधाऱ्यांच्या वेळी तरी या माणसांना विचारतो का आपण?

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडतोय: जागा ठरण्याआधी वाड्यावाड्यावर बैठक, रविवारी किंवा संध्याकाळी, बायकांची वेगळी बैठक, अख्खा अहवाल मराठी-कोकणीत, कुळ-मुंडकारांची वेगळी यादी, आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर. अनुमोदनाला माणसं हवीत. घरातल्या बायकांना घेऊन या.