तीस दिवसांचे पिल्लू आणा म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

माझ्या भाचीकडे लॅब्रडॉर कुत्री व्याली असून पिल्ले आता साडेचार आठवड्यांची झाली आहेत. पिल्ले सांगून ठेवलेल्या दोन कुटुंबांनी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश पाठवून ती लगेच मागितली आणि तीही द्यायला तयार झाली, म्हणून हे लिहावे लागत आहे. संदेशाचे म्हणणे असे: पिल्लू तीस दिवसांचे असतानाच आणावे, म्हणजे ते आईला विसरून मालकाशी एकनिष्ठ राहते, सगळ्या लसी होईपर्यंत त्याला परक्याचा हात लागू देऊ नये, नाहीतर ते राखण करत नाही, त्याला गाईच्या दुधावर वाढवावे, चावले तर नाकावर फटका द्यावा.

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आई आणि भावंडांकडून जे शिकते, ते नंतर माणसाला शिकवणे फार अवघड जाते. या वयात दुधाचे दात आलेले असतात. भावंडाला जोरात चावले की ते केकाटते आणि खेळ थांबतो, आईला चावले की ती गुरगुरून उठून जाते, आणि अशा शेकडो प्रसंगांतून दातांचा जोर आवरायचा कसा हे पिल्लाच्या अंगवळणी पडते. इटलीत झालेला आणि २०११ साली ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच प्रश्नाचा आहे. त्यात १४० प्रौढ कुत्र्यांची मालकांनी दिलेल्या माहितीवरून तुलना केली होती. निम्मी ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून तोडलेली, निम्मी दोन महिन्यांची झाल्यावर घरी गेलेली. लवकर तोडलेल्या कुत्र्यांत नासधूस, अति भुंकणे, फिरायला नेल्यावर घाबरणे, आवाजाला बिचकणे, अन्नाला व खेळण्याला हात लावू न देणे या तक्रारी स्पष्टपणे अधिक होत्या. शिवाय केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा तरी वाचायला हवे होते.

माणसाचा लळा लहानपणीच लागतो, एवढे मात्र मान्य करावे लागेल. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्यासाठी सर्वांत अनुकूल असतो. पण आठ आठवड्यांचे पिल्लू घरी नेले तरी नव्या मालकाला त्यातला महिनाभर सहज मिळतो; आधीचे आठवडे आईजवळ राहूनच, पण माणसांच्या हातांत जायला हवेत.

म्हणूनच परक्याचा हात लागू न देण्याचा सल्ला मला समजूच शकत नाही. ज्या पिल्लाने या काळात आजोबांची काठी, शाळकरी मुलांचा गलका, कुकरची शिट्टी, मिक्सर, हेल्मेट घातलेला माणूस यांतले काहीच अनुभवले नाही, ते मोठे होऊन राखणदार होत नाही, भित्रे होते; आणि भित्रे कुत्रे चोर आणि पाहुणा यांत फरक न करता जो जवळ येईल त्याला चावते. मग ते आयुष्यभर साखळीला बांधले जाते किंवा रस्त्यावर सोडले जाते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती खरी आहे, आणि लसी पूर्ण होण्याआधी भटकी कुत्री वावरतात त्या जमिनीवर पिल्लाला सोडू नये हेही खरे. परंतु हात धुऊन, चपला बाहेर काढून आलेल्या पाहुण्यांनी त्याला रोज थोडा वेळ मांडीवर घेणे, पंजे, कान व तोंड हळुवार हाताळणे, फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी लहान ठेवून जेवताना ऐकवणे, यांत लसीचा अडथळा कुठे येतो?

गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधाच्या निम्म्याहूनही कमी प्रथिने व स्निग्धांश आणि जास्त लॅक्टोज असते, त्यामुळे पिल्लांना जुलाब होतात. चौथ्या आठवड्यापासून पाण्यात मऊ केलेले पिल्लांचे खाद्य द्यावे. नाकावर फटका खाल्लेले पिल्लू हाताला भिते, एवढेच त्यातून साधते.

भाचीने दोन्ही कुटुंबांना छप्पन्न दिवस पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगावे, आणि तोवर दर रविवारी मुलांसह येऊन पिल्लांशी खेळायला बोलवावे. जे एवढेही थांबायला तयार नसतील, त्यांचे आगाऊ घेतलेले पैसे परत करावेत.