‘सीईटी लागत नाही’ या मेसेजबद्दल

ऐरोली-घणसोलीच्या पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘सुप्रीम कोर्टाने खासगी कॉलेजांना प्रवेशाचा पूर्ण हक्क दिला. सीईटी, कॅप राउंड काही नको, थेट कॉलेजात पैसे भरा.’ (सीईटी म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, कॅप म्हणजे त्यानंतरची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया.) वर कोर्टाच्या घुमटाचा फोटो, खाली तीन हात जोडलेले. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी टोकनचे पैसेही काढून ठेवले होते.

हे खरं नाही. मेसेजमध्ये ‘इनामदार निकाल’ असं लिहिलंय. तो निकाल २००५ चा, सात न्यायमूर्तींचा, आणि खटला आपल्याच राज्याविरुद्धचा. विनाअनुदानित कॉलेजांवर सरकार आपला कोटा, म्हणजे आरक्षणाच्या जागा, लादू शकत नाही, हे त्यात आहे. मेसेजवाल्याने तेवढंच उचललं. त्याच निकालात सामायिक प्रवेश परीक्षा योग्य ठरवली आहे आणि कॅपिटेशन फीला (प्रवेशासाठी वर घेतलेल्या पैशांना) मनाई आहे, ते सोयीस्कर गाळलं! शिवाय कोट्याचा भाग पुढच्याच वर्षी घटनादुरुस्तीने, कलम १५(५) आणून, बदलला; खासगी कॉलेजांतही कायद्याने आरक्षण ठेवता येतं. अल्पसंख्याक संस्था मात्र त्यातून वगळल्या.

२०१६ मध्ये मध्य प्रदेशातल्या खासगी कॉलेजांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी राज्याची सीईटी आणि फीवरचं नियंत्रण, दोन्ही कायम ठेवलं. खासगी व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेश आणि फीबद्दल महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २०१५ चा आहे. कॉलेजच्या हातात संस्थास्तरावरच्या काही जागा असतात, पण त्याही गुणवत्तेनेच भरायच्या.

ताईंना सांगितलंय, काउंटरवर कोणी पैसे मागितले तर आधी पावती मागा, आणि कॅपचा फॉर्म भरायचा राहू देऊ नका.