'तीन देशांची वाटणी आजही लागू' हा मेसेज चुकीचा आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर 'डेथ ऑफ अ जंटलमन' या माहितीपटाच्या नावाने मेसेज फिरतोय: भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाने आयसीसीचा, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेचा, पैसा वाटून घेतला आणि तोच करार आजही चालू आहे, बेळगावातल्या ऑटोनगरच्या क्रिकेट मैदानाचा निधीही त्यातच अडकलाय.

माहितीपट 2015चा आहे. ती वाटणी फेब्रुवारी 2014मध्ये सिंगापूरच्या बैठकीत मंजूर झाली, इतकं खरं. पण 2017मध्ये ती मोडीत निघाली. नव्या सूत्रात 2016 ते 2023साठी भारताला 40.5 कोटी डॉलर, इंग्लंडला 13.9, झिम्बाब्वेला 9.4 आणि बाकी सात जुन्या पूर्ण सदस्यांना (कसोटी खेळणाऱ्या देशांना) प्रत्येकी 12.8 कोटी ठरले. म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि बांगलादेश एकाच पंगतीत! जुलै 2023मध्ये डर्बनला 2024-27चं सूत्र मंजूर झालं. त्यात भारताचा वाटा पुन्हा सर्वांत मोठा. तेव्हा मोठ्या देशांना जास्त पैसा का, हा माहितीपटातला प्रश्न जुना झालेला नाही, करार मात्र तो नव्हे.

ऑटोनगरचं मैदान कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेचं. आयसीसीचा वाटा बीसीसीआयला, म्हणजे भारताच्या क्रिकेट मंडळाला, मिळतो, थेट मैदानाला नाही.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकलात तिथे हा खुलासा टाका.