पाठीवरचे मीठ

आज सकाळी सोसायटीच्या व्यायामशाळेत एका तरुण शेजाऱ्याने मोठ्या प्रेमाने माझ्या हातात पाण्यात कालवायच्या क्षारांचे एक गुलाबी पाकीट ठेवले आणि म्हणाला, “काका, नुसतं पाणी नका पिऊ, इलेक्ट्रोलाइट्स जातात सगळे.” मी वातानुकूलित खोलीत २२ मिनिटे ट्रेडमिलवर चाललो होतो आणि तेवढ्यात आलेला घाम पुसायला रुमालाचा एक कोपरा पुरला होता. आभार मानून पाकीट खिशात टाकले आणि बाहेर पडलो, तर फाटकापाशी आमच्या इमारतीचे प्लास्टर करणारे दोन गवंडी वॉचमनकडे पिण्याचे पाणी मागत होते आणि तो त्यांना बागेच्या नळाकडे बोट दाखवत होता. त्यांच्यातल्या एकाच्या निळ्या शर्टावर, पाठीच्या मधोमध, वाळलेल्या मिठाचा पांढरा नकाशा उमटलेला होता. तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहितो आहे.

तो नकाशा मी लहानपणापासून ओळखतो. माझे बाबा अकोल्यात लोखंडी दारे-खिडक्यांचे वेल्डिंग करत. टिनाची शेड, बाहेर वऱ्हाडातला मे महिना, आत वेल्डिंगची आच, अंगात जाडाभरडा पूर्ण बाह्यांचा शर्ट. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा शर्टाच्या पाठीवर पांढऱ्या रेघांच्या वेड्यावाकड्या सीमा असत, आणि आई तो शर्ट धुण्याआधी झटकत असे. उन्हापासून वाचण्यासाठी लोक सांगतात ते सगळे बाबा करत. डोक्याला शेला बांधत, खिशात कांदा ठेवत, आणि शेडमधल्या माठातले पाणी तांब्यामागून तांब्या पीत. आईने जेवणाच्या डब्याबरोबर मीठ-जिरे घातलेले ताक बाटलीत भरून दिले, तर ते तसेच परत येई. माणसांसमोर ताक पिणे त्यांना पोरकट वाटे. “पानी त पेतोच ना मी, आता काय विहीर पेऊ?” हे त्यांचे ठरलेले उत्तर होते.

१९९३ च्या मे महिन्यात एका दुपारी त्यांच्या दोन्ही पोटऱ्या दगडासारख्या कडक झाल्या, बोटे होल्डरभोवती वळली ती सुटेनात, आणि ते शेडच्या फरशीवर आडवे झाले. त्या दिवशी त्यांनी अर्धा माठ पाणी प्यायले होते, असे सोबतचे लोक शपथेवर सांगत होते. डॉक्टरांनी सलाईन लावले आणि आईला एवढेच सांगितले, “बाई, यांना पाणी कमी पडलं नाही, मीठ कमी पडलं.” मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, आणि ते वाक्य मला कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

गोष्ट साधी आहे. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. त्यात पोटॅशियमही जाते, पण मिठातल्या सोडियमच्या मानाने थोडे. उन्हात राबणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. गेलेले पाणी तो भरून काढतो, पण गेलेले मीठ कोणी भरून काढत नाही, आणि मग रक्तातले सोडियम पातळ होऊ लागते. एका लिटर रक्तद्रवात ते १३५ ते १४५ मिलिमोल असावे लागते, कारण मज्जातंतूंचे संदेश आणि स्नायूंचे आकुंचन-प्रसरण त्याच्यावर चालते. बाबांना लावलेल्या सलाईनच्या लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ असते. माझ्या आईच्या ताकात तरी दुसरे काय होते? विलायतेतल्या कोळसा खाणींतले कामगारही असेच पेटके येऊन पडत, आणि त्यांच्या पिण्याच्या पाण्यात मीठ घालावे हे तिथे १९२० च्या दशकात उमगले. प्रत्येक पेटका मिठाअभावीच येतो असे नाही, थकलेला स्नायूही आखडतो, हे मान्य. पण पाठीवर मिठाचा नकाशा घेऊन फिरणाऱ्या माणसाला ती शास्त्रीय शंका ऐकवू नये.

मला खरा राग पुरुषांचा येतो, आणि त्यात मीही आलो. शेडमध्ये जो घडीघडी पाणी प्यायला उठे, त्याची टिंगल होई. तहान लागली म्हणणे म्हणजे दमलो म्हणणे, आणि दमलो म्हणणे म्हणजे बाईलबुद्ध्या, असा तो हिशोब होता. ट्रकवाले पाणी पीत नाहीत कारण गाडी थांबवावी लागते, कार्यालयातले लोक पीत नाहीत कारण बैठक चालू असते, आणि मग चाळिशीत मुतखडा होऊन कळवळतात. मुतखडा बायकांपेक्षा पुरुषांनाच अधिक होतो, आणि त्याचे एक मोठे कारण कमी पाणी पिणे हे आहे. (बायकांना स्वच्छतागृह नसल्यामुळे पाणी टाळावे लागते, ती गोष्ट याहून संतापजनक आहे, तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहीन.)

आता नव्या पिढीचे पुरुष नेमके उलट्या टोकाला गेले आहेत. चार लिटरची बाटली घेऊन व्यायामशाळेत यायचे आणि तहान असो वा नसो ती रिकामी करायची, ही आता मर्दुमकी झाली आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतल्या १३ टक्के लोकांचे सोडियम घसरलेले निघाले, आणि त्यात धावताना भरमसाट पिऊन वजन वाढलेल्यांचा भरणा होता. कमी पिण्यात शौर्य नाही, तसे जास्त पिण्यातही नाही. तहान नावाची यंत्रणा निसर्गाने दिली आहे आणि लघवीचा रंग रोज दिसतोच. तो फिकट पिवळा असेल तर गुलाबी पाकिटाची गरज नसते. फार तर व्यायामाच्या आधी आणि नंतर वजन करावे. किलोभर उतरले तर सुमारे लिटरभर घाम गेला. माझे आज शंभर ग्रॅमही उतरले नसेल.

घरी येऊन ते पाकीट चश्मा लावून वाचले. त्यात ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे, म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, मी रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेतो, माझ्या डॉक्टरांनी लोणचे-पापड बंद केले आहेत, आणि इथे आरोग्याच्या नावाखाली ४० रुपयांत मला मीठ विकले जाते आहे! ज्याचा शर्ट कोरडा आहे त्याला मिठाची पाकिटे, आणि ज्याच्या पाठीवर मीठ वाळले आहे त्याला बागेचा नळ.

आणि याच देशात क्षारसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसचा, इतिहास घडला, हे आठवले की अधिकच वाईट वाटते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून पाजले आणि असंख्य जीव वाचवले. थोडे ग्लुकोज असले की आतडे मीठ आत ओढून घेते आणि मिठामागोमाग पाणी जाते, एवढेच त्यातले मर्म आहे. २००२ पासूनच्या सूत्रात लिटरभर पाण्याला साडेवीस ग्रॅमची पुडी लागते आणि तिचे प्रमाण काटेकोर असते. त्या ओआरएस या तीन अक्षरांची पुण्याई वापरून साखरेची सरबते खोक्यांतून विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षे त्याविरुद्ध भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे नाव लावायला मनाई केली.

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे. त्या तरुणाचे मन चांगले आहे, यात शंका नाही. तो रविवारी उन्हात पंधरा-वीस किलोमीटर पळतो, आणि त्या दिवशी त्याला अशा पाकिटाचा उपयोग होतही असेल, हे मी नाइलाजाने मान्य करतो. शिवाय कोणी आपल्याला काही प्यायला द्यावे, यातही माया असतेच. आईचे ताक परत पाठवणाऱ्या बाबांना ती कळली नाही असे मी आजवर म्हणत आलो. पण त्या दुपारनंतर ते रोज ती बाटली रिकामी करून आणत, आणि पुढे शेडमधल्या पोरांसाठी दुसरी बाटलीही नेऊ लागले, हेही लिहिले पाहिजे. त्याबद्दल मात्र घरात ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी मी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातले, लिंबू पिळले, आणि खाली नेऊन दिले. निळ्या शर्टाच्या गवंड्याने आधी साहेबांकडे, म्हणजे मुकादमाकडे, पाहिले आणि मगच पेला घेतला. उद्यापासून फाटकापाशी सावलीत माठ आणि शेजारी मीठ-लिंबाच्या सरबताचे भांडे राहील, खर्च माझा. मागच्या उन्हाळ्यात माठाला “डास होतात” आणि “बाहेरचे लोक गोळा होतात” अशी कारणे देऊन नकार देणाऱ्या समितीच्या सभासदांनी ही पोस्ट वाचली असेल, तर त्यांनी रविवारच्या सभेत तीच कारणे माझ्यासमोर उभे राहून सांगावीत.